देवराईतल्या देवीला स्लॅब हवा की नको?

कुडाळकर_ठाण्यात

आमच्या गावची देवी राईत, म्हणजे देवाच्या नावाने राखलेल्या रानात आहे. देऊळ म्हणावं असं तिथे फारसं काही नाहीच. वारूळ, त्याच्यापुढे चार पाषाण, जांभ्याचा चौथरा आणि वर मंगलोरी कौलांचा चारखांबी मांडव. भोवती ऐन, किंजळ, सातवीण आणि एक गारंबीची वेल, जिचं मूळ कुठे नि शेंडा कुठे याचा पत्ता गावात कुणाला नाही. गावाचं नाव मुद्दाम देत नाही. व्हॉट्सअॅप ग्रुपवर आधीच पुरेशी भांडणं झालीत.

गणपतीत बैठक झाली आणि जीर्णोद्धार ठरला. आरसीसी देऊळ, शिखर, ग्रॅनाइट, सभामंडप आणि राईतून थेट दारापर्यंत गाडी जाईल असा पेव्हर ब्लॉकचा रस्ता. मुंबई मंडळाने घरटी वर्गणी काढायची. जी झाडं 'अडचणीची' आहेत ती जाणार, आणि त्यांच्या लाकडाचे पैसे बांधकामालाच लागणार, म्हणजे कुणाला हरकत नको.

मला हरकत आहे. पण मी गणपती, जत्रा आणि मे महिन्यात उगवणारा चाकरमानी. तोंड उघडलं की "तू वर्गणी दी, सल्लो नको" हे ऐकावं लागतं. तुमच्याकडे असं झालंय का? काय केलंत? आणि देवीला कौल लावला होता का, म्हणजे तिची मर्जी विचारली होती का?

झणझणीत

गाडी दारापर्यंत कशाला? देवी उबरने जाते का कुठे?

रानवेडा

हा प्रकार नवा नाही. वा. द. वर्तक आणि माधव गाडगीळ यांनी 1970च्या दशकात सह्याद्रीतल्या देवरायांचा अभ्यास केला, तेव्हापासून हे दिसतंय. राईला कुऱ्हाड लावायची नाही, वाळकी काटकीसुद्धा घरी न्यायची नाही हा नियम पिढ्यान्पिढ्या पाळला जातो. पण त्या नियमाला एक पळवाट आहे, ती म्हणजे देवाच्या कामाला लाकूड चालतं. पूर्वी देवाचं काम म्हणजे दहा-वीस वर्षांनी बदलायचा एखादा वासा. आता देवाचं काम म्हणजे ट्रकभर सिमेंटचे पैसे. पळवाट तीच आहे, तिच्यातून आता ट्रक जातो.

बाहेरून आलेल्या ठेकेदाराने राई तोडली तर अख्खं गाव आडवं पडेल. देवीच्या नावाने तोडली तर तेच गाव नारळ फोडून सुरुवात करून देतं.

धागाकर्त्याला दोन प्रश्न. राईत झरा किंवा बावडी आहे का? आणि राईचा सातबारा कुणी पाहिलाय का?

कुडाळकर_ठाण्यात

झरा आहे. खालच्या वाडीची नळयोजना त्याच्यावरच आहे. सातबारा बैठकीला आलेल्यांपैकी कुणीच पाहिलेला नाही. "देवीची जागा आसा, तिचो सातबारो कसलो?" असं उत्तर मिळालं.

माहेरवाशीण

वाचत होते, राहवलं नाही म्हणून लिहिते. मी गावात राहते, बारा महिने. तुम्ही सगळे राईचं वर्णन करता ते मे महिन्यातलं किंवा जत्रेतलं. श्रावणात या कधी. जांभ्यावर शेवाळ धरतं, पाय ठेवला की सटकतो. माझ्या सासूबाई नवरात्रात ओटी भरायला गेल्या त्या घसरून पडल्या आणि मांडीचं हाड मोडून तीन महिने खाटेवर होत्या. तेव्हापासून त्या देवीला घरातूनच हात जोडतात. देवी चार शेतांपलीकडे, आणि दर्शन नाही.

जत्रेच्या रात्री दशावतार पहाटेपर्यंत चालतो. पुरुषमंडळींना आडोसा कुठेही चालतो. बायकांनी काय करायचं? लहान मूल घेऊन आलेली बाई पाऊस आला तर कुठे उभी राहणार? चारखांबी मांडवाखाली मानकऱ्यांनाच जागा पुरत नाही. आम्ही पक्कं बांधकाम मागितलं की लगेच आम्ही राईच्या वैरी. झाडं आम्हालाही हवीत हो, पाणी आमच्याच नळाला येतं.

रानवेडा

@माहेरवाशीण, तुमचं म्हणणं शंभर टक्के मान्य. फक्त तुम्ही जे मागताय त्यात शिखर आणि ग्रॅनाइट कुठेच नाही, हे बघा. तुम्हाला न घसरणारी वाट, आडोसा आणि संडास हवाय. बैठकीत ठरलं ते भलतंच.

माहेरवाशीण

बैठकीत बायका नव्हत्या. मग ठरणार काय?

पावशेर

+१. ही ओळ ग्रुपवर चिकटवा कुडाळकर.

घाटावरचा

आमच्या बाजूचं सांगतो. कळसूबाईला तुम्ही ट्रेकर म्हणून गेला असाल, 1646 मीटर, राज्यातलं सर्वांत उंच शिखर वगैरे. पण बारी गावातल्या आणि आसपासच्या लोकांसाठी ती देवी आहे. नवरात्रात आयाबाया डोक्यावर परडी घेऊन चढतात. वरचं देऊळ एवढंसं, तीन-चार माणसं आत गेली की भरलं. अवघड टप्प्यांवर लोखंडी शिड्या लावल्यात, तेवढीच सोय. त्याने देवीचं काही कमी झालं नाही आणि डोंगराचंही. (नवरात्रात वर पडणाऱ्या प्लास्टिकबद्दल बोलायला घेतलं तर वेगळा धागा काढावा लागेल.)

उलट टोकाला सप्तशृंगी. तिथली मूर्ती मुळात कड्यातच कोरलेली आहे, अठरा हातांची, म्हणजे डोंगर आणि देवी वेगळे काढताच येत नाहीत. तिथे 2018 साली फ्युनिक्युलर ट्रॉली सुरू झाली. सुरुवातीला मी नाकं मुरडली होती. पण ज्यांना पाचशेच्या आसपास पायऱ्या चढवत नाहीत त्यांनी दर्शनच घेऊ नये असं म्हणणारे आपण कोण? आणि शिखरावर ध्वज लावायला मात्र आजही ठरलेल्या घराण्यातला मानकरीच रात्री जातो, ट्रॉली असो वा नसो.

आणि मांढरदेव विसरू नका. 25 जानेवारी 2005, काळूबाईची यात्रा. चिंचोळी वाट, नारळाच्या पाण्याने निसरड्या झालेल्या पायऱ्या, दुकानांना लागलेली आग. तीनशेच्या घरात माणसं गेली. गर्दी जमणार असेल तर "निसर्ग जसाच्या तसा ठेवा" एवढं म्हणून भागत नाही.

साधा_माणूस

पण मांढरदेवला लाखोंची गर्दी. कुडाळकरांच्या देवीला जत्रेत किती? पाचशे? प्रत्येक गावदेवीची आंगणेवाडीसारखी मोठी जत्रा करायची घाई कशासाठी?

झणझणीत

आंगणेवाडी व्हायला निदान जत्रेची तारीख कॅलेंडरात नसावी लागते. ती देवी तारीखसुद्धा कौलाने देते, तेव्हा मुंबईची रेल्वे तिकिटं संपतात. ते आधी जमवा, मग शिखर बांधा.

सत्तरीकर

गोव्यातून लिहितोय. आमच्याकडे सातेरी ही ग्रामदेवी म्हणजे रोयणच, म्हणजे तुमचं वारूळ. कित्येक गावांत गाभाऱ्यात आजही रोयण आहे, त्यावर मुखवटा किंवा कळस ठेवतात. आता विचार करा, वारूळ हे वाळवीचं घर. त्याला ओल लागते, माती लागते, आजूबाजूला कुजणारा पालापाचोळा लागतो. तुम्ही चहूबाजूंनी काँक्रीट ओतून वर ग्रॅनाइट बसवलंत की आत उरतो तो मातीचा ढिगारा. वाळवी गेली की वारूळ वाढायचं थांबलं. आमचे आजोबा रोयण वाढली की "देवी वाढली" म्हणायचे आणि छप्पर उंच करायचे. देवीने छप्पर हलवायचं, छपराने देवीला नव्हे.

सत्तरीतल्याच निरंकाराच्या राईत आत पाणथळ आहे, रानटी जायफळाच्या कुळातली झाडं आहेत आणि त्यांची मुळं पाण्यातून गुडघे वर काढून बसलेली दिसतात. देवाच्या नावावर राहिली म्हणून राहिली. नाहीतर तिथे केव्हाच कुळागर, म्हणजे माडा-पोफळीची बागायत झाली असती.

रानवेडा

तशीच जागा तुमच्या सीमेला लागून सिंधुदुर्गातही आहे, दोडामार्ग तालुक्यात हेवाळे-बांबर्डे इथे. तीही देवराईच. राज्य सरकारने ती जैवविविधता वारसा स्थळ म्हणून जाहीर केलीय. धागाकर्त्याने ही दिशाही बघावी. 2002च्या जैवविविधता कायद्याने प्रत्येक ग्रामपंचायतीत व्यवस्थापन समिती आणि लोक जैवविविधता नोंदवही असायला हवी. बहुतेक ठिकाणी ती कपाटात असते. कपाट उघडायला सांगा.

नाकतोडा

विषयांतराबद्दल माफी, पण रोयणीवरून आठवलं. पहिल्या पावसानंतर तिथे उगवणारी अळमी, म्हणजे रानअळंबी! गोव्यात रस्त्याच्या कडेला पानात बांधून विकतात, भाव विचारला तर हृदयविकार.

सत्तरीकर

रोयणाची अळमी वाळवीच्या वारुळाशिवाय येत नाही, शेतात लावून होत नाही, म्हणून तो भाव. आणि राईतली अळमी आम्ही काढत नाही. निदान दिवसा नाही. 😄

नाकतोडा

शाकुतीची पाकृ टाका की मग.

पावशेर

पाकृसाठी वेगळा धागा काढा. इथे देवी बघतेय.

नास्तिक_नाना

मी देव मानत नाही, पण देवराई मानतो. या सगळ्या प्रतिसादांत "गावाने राई राखली" हे वाक्य फार गोड वाजतंय, म्हणून थोडं कडू घालतो. राखली ती भीतीने. झाड तोडलं की देवी कोपते, राखणदार वाट अडवतो, घरात आजारपण येतं. आणि भीतीबरोबर नियमही होते, कुणी चौथऱ्यापर्यंत यायचं, कुणी राईच्या वेशीवरूनच नमस्कार करायचा, बाईने कुठल्या दिवसांत कुठली वाट टाळायची, पहिला नारळ कुणाचा. ज्यांना वेशीवर उभं केलं त्यांच्या नातवंडांना आज नवं, सगळ्यांना खुलं, मोठं देऊळ हवंसं वाटलं तर त्यांना पर्यावरणाचे धडे देण्याआधी हे आठवावं. नव्या सभामंडपात निदान उभं राहायला जागा ठरलेली नसते.

आता भीती गेली. ती गेली हे चांगलंच झालं. पण भीतीच्या जागी दुसरं काही आलं नाही, ना कायद्याचा धाक ना विज्ञान. रिकाम्या जागेत ठेकेदार आला.

साधा_माणूस

नाना, मान्य. पण नवं देऊळ बांधल्यावर मानपान जातात हे कुठे पाहिलंत? आमच्याकडे नव्या देवळात मानकऱ्यांच्या नावाच्या संगमरवरी पाट्या बसल्या. आधी मान तोंडी होता, आता कोरलेला आहे.

नास्तिक_नाना

@साधा_माणूस, हा मुद्दा तुमचा. पाट्यांची ताकद मी कमी लेखली होती.

गुरवाचा_नातू

कौलाबद्दल कुणीच नीट लिहिलं नाही म्हणून लिहितो. आमच्या घराकडे देवीची पूजा आहे. आमच्याकडे पाषाण ओला करून त्यावर कळ्या लावतात, उजव्या-डाव्या. गाऱ्हाणं घालून प्रश्न सांगायचा, मग उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. दुसऱ्या गावात तांदूळ असतील, पानं असतील, पद्धत थोडी इकडेतिकडे.

सगळं प्रश्न कसा घातला यावर आहे. "देवी, तुझं देऊळ बांधतो, तुझी मर्जी आहे का?" असं विचारलं तर कोण नाही म्हणेल? माझे आजोबा असा प्रश्न घ्यायचेच नाहीत. ते म्हणायचे, फोडून विचार. छप्पर बदलू का? झाड काढू का? कुठलं झाड? वारुळाला हात लावू का? एकेकाला वेगळी कळी. शेजारच्या गावात अशी एक देवी आहे जिने छपराला कधीच कौल दिला नाही. पाऊस, ऊन, वर आभाळ. चार पिढ्या विचारून झालं, शेवटी लोकांनी विचारणं सोडलं. तिथली राई आज आमच्यापेक्षा दाट आहे.

झणझणीत

आणि डावा कौल आला तर पुन्हा लावतात त्याचं काय? उजवा येईपर्यंत?

गुरवाचा_नातू

लावतात. हल्ली जास्त लावतात. 🙏

न्यू_जर्सीकर

अतिशय सुंदर चर्चा. परदेशातून आम्ही आर्थिक मदत करू इच्छितो. देणगीची लिंक मिळेल का? गाभाऱ्यात देणगीदारांची नावं येतील ना?

माहेरवाशीण

संडासाला देणगी द्या, नाव मोठ्या अक्षरात लिहू.

पावशेर

😂😂 धाग्याचं सार्थक झालं.

न्यू_जर्सीकर

हसा. पण मी खरंच देईन. नाव नको.

मालवणी_मसालो

इतकी चर्चा झाली, गाऱ्हाणं कोणीच घातलं नाही, म्हणून मीच घालतंय:

बा देवा म्हाराजा, बारा गावच्या, बारा येशीच्या, बारा वयवाटीच्या म्हाराजा…
*होय म्हाराजा!*
आज ह्या धाग्यार जमलेली ही सगळी तुजीच लेकरां, कोण ठाण्यातलो, कोण घाटावरचो, कोण सातासमुद्रापलीकडलो…
*होय म्हाराजा!*
जेणा कोणी पेव्हर ब्लॉकचा कोटेशन आणल्यान असात, तेच्या गाडयेचो टायर राईच्या येशीरच पंक्चर कर रे म्हाराजा…
*होय म्हाराजा!*
जो कोण सक्काळी सक्काळी ग्रुपार गुलाबाचे फोटो टाकता आणि बैठकीक येणा नाय, तेचो नेट संपान जावंदे रे म्हाराजा…
*होय म्हाराजा!*
आणि जेका राईची काळजी आसा, पण जत्रेक फक्त कोंबडी-वडे खावक येता, तेका पावसात एकदा तरी गावाक येवची बुद्धी दी रे म्हाराजा!
*होय म्हाराजा!*

कुडाळकर_ठाण्यात

शेवटचं गाऱ्हाणं मला आहे हे कळलं. 😄

चिरेखाण

मी स्थापत्य अभियंता आहे, कोकणातच कामं करतो. तांत्रिक बाजू सांगतो. राईत आरसीसी करायचं तर पाया खोदावा लागतो, आणि ऐन-किंजळासारख्या जुन्या झाडांची मुळं खोडापासून लांबवर गेलेली असतात. झाड तोडलं नाही तरी मुळं तुटली की ते तीन-चार पावसाळ्यांत वाळतं. मग "धोकादायक झालं" म्हणून तेही पाडतात. पेव्हर ब्लॉकखाली खडी ठोकून बसवतात, त्यात पाणी जिरत नाही, उताराने धावतं. झऱ्यावर परिणाम व्हायला वेळ लागत नाही.

करता येण्यासारखं काय ते सांगतो. वाटेला सिमेंट न वापरता जांभ्याचे चिरे कोरडेच बसवायचे, वरून टाकीने खरवडायचे आणि पावसाळ्याआधी शेवाळ तारेच्या ब्रशने काढायचं. एका बाजूला धरायला रेलिंग. मांडवाची कौलं आणि वासे बदलायचे, वारुळाच्या भोवती माती उघडी ठेवायची. सभामंडप, पाणी आणि संडास राईच्या वेशीबाहेर, जिथे दशावताराचा रंगमंच उभारतात त्याच मोकळ्या जागेत. खर्च आरसीसी देवळाच्या पाव हिश्श्यातही बसेल. शिखर दिसणार नाही, हा एकच तोटा.

घाटावरचा

तोच तर मोठा तोटा. वर्गणी शिखराला मिळते, ब्रशला नाही.

रानवेडा

सातबाऱ्याचं राहिलं. सावंतवाडी संस्थानच्या काळातली सिंधुदुर्गातली बरीच देवस्थानं आज कोल्हापूरच्या पश्चिम महाराष्ट्र देवस्थान व्यवस्थापन समितीच्या अखत्यारीत आहेत. तसं असेल तर गावबैठकीत ठराव झाला म्हणून बांधकाम सुरू करता येत नाही, परवानगी लागते. काही राया 1975च्या खाजगी वने संपादन कायद्यात वनखात्याकडे गेल्यात, तिथे तर झाडाला हात लावायचा प्रश्नच येत नाही. इतर हक्काचा रकाना आणि जुने फेरफार नीट वाचा. हे भांडणाचं काम नाही. तलाठ्याकडे एक फेरी मारायचं काम आहे.

अश्विनी_सासवड

माझा प्रश्न बाळबोध असेल. देवी झाडात, वारुळात, पाण्यात आहे असं आपण मानतो ना? मग तिला 'घर' द्यायची कल्पना मुळात आली कुठून?

सत्तरीकर

बाळबोध अजिबात नाही. पौषात आमच्याकडे बायका धालो, म्हणजे गाणी-नाच, खेळतात, उघड्या मांडावर (त्यासाठीच्या ठरलेल्या जागेवर), रात्री. वनदेवतेला बोलावतात. तिथे देऊळ नाही, मूर्ती नाही, सारवलेली जमीन आहे. एका गावात मांडावरही पत्र्याची शेड टाकली. आता बायका शेडच्या बाहेर खेळतात आणि शेडमध्ये पुरुष खुर्च्या टाकून बसतात.

माहेरवाशीण

सगळीकडे तेच.

कुडाळकर_ठाण्यात

मध्ये बरेच दिवस गेले. दसऱ्याला गावी जाऊन आलो, म्हणून पुन्हा लिहितोय.

सातबारा काढला. जागा देवस्थानच्या नावे आहे आणि परवानगीशिवाय बांधकाम होत नाही. हे कळल्यावर अर्धं गाव शांत झालं, अर्धं गाव म्हणालं परवानगी आणू. या वेळी बैठकीला बायका होत्या. माझ्या काकीने आधीच वाडीवाडीत सांगून ठेवलं होतं. संडास, पाणी आणि चिऱ्याची वाट यांवर कुणीच नाही म्हणालं नाही, त्याचा ठराव झाला. सभामंडप वेशीबाहेर घ्यायचा यावर मात्र दोन मानकरी अडून बसलेत, पालखी एवढी लांब का न्यायची म्हणून. शिखराचा विषय अजून गेलेला नाही. जत्रेनंतर कौल लावायचं ठरलंय, प्रश्न फोडून विचारायचा असं मी सुचवलं, गुरवांनी मान डोलावली, बाकी कुणी काही बोललं नाही.

आणि एक. वेशीवरचं हेळ्याचं जुनं झाड आधीच गेलं. कुणी, कधी, कुणाच्या सांगण्यावरून, यातलं एकही उत्तर मिळालं नाही. ओंडके मात्र रस्त्याकडेला आहेत.

रानवेडा

ओंडक्यांचे फोटो, तारीख दिसेल असे, आजच काढून ठेवा. वृक्षतोडीची परवानगी होती का ते वनविभागाकडे लेखी विचारा. कुणाचं नाव घेऊ नका, फक्त परवानगी विचारा. पुढचं झाड वाचेल.

चिरेखाण

चिऱ्यांचं माप हवं असेल तर वाटेची लांबी आणि चढ कळवा, अंदाजपत्रक फुकट करून देतो.

मालवणी_मसालो

जत्रेची तारीख कळली की हंय टाका. आणि दशावतार कंपनी खंयची येतली ता पण.

कुडाळकर_ठाण्यात

कंपनी ठरली नाही अजून. वाटेची लांबी उद्या काकीकडून मोजून घेतो, तिने दोरी तयार ठेवलीय.